बाई, तुझा वारा मी विकला

बाई,

तुझ्या तेराव्याला तुझ्या या धाकट्या भावानं एक गोष्ट सांगितली आणि कुणी हसलं नाही.

पंगत बसली होती. वरण वाढणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, "शालिकभाऊ, बाईचं काही सांगा ना." मला काय, तेवढंच निमित्त हवं असतं. मी सुरू केलं, की एका वर्षी बाईनं जेवणाच्या सुट्टीआधी एकटीनं धानाच्या तीन बांध्या रोवल्या, तीन अख्खी खाचरं. हात असा चालायचा की रोप चिखलात शिरतं कधी हे रोपालाही कळायचं नाही. मागं बगळे रांगेनं चालायचे, आणि त्यातला एक ओळ सोडून वाकडा चालला, तर बाईनं वळून त्याला असं झापलं की तो आठ दिवस उपाशी राहिला.

इथं मी थांबलो. नेहमी थांबतो तसाच. ही जागा तुझी होती. इथं तू पदरानं तोंड पुसत म्हणायचीस, "अर्धं कर." मग मी म्हणायचो, "बरं, दीड बांधी." तू म्हणायचीस, "आणखी." आणि मग कुठं लोक हसायचे. माझ्या थापेला कुणी हसत नव्हतं बाई, हे मला सत्तरीला टेकल्यावर तुझ्या पंगतीत कळलं. हसायचे ते तुझ्या कात्रीला. त्या दिवशी मी थांबलो, वाट पाहिली, आणि पलीकडून कुणीतरी भाताचं घमेलं मागितलं. गोष्ट तिथंच पडून राहिली.

म्हणून हे लिहायला घेतलं. बोलून सांगायची सोय तू ठेवली नाहीस.

तो सापाचा किस्सा आठवतो? मी दहा-बारा वर्षांचा असेन. धापा टाकत घरी आलो आणि सांगितलं, "बाई, शेताच्या धुऱ्यावर साप! बारा हाताचा!"

"अर्धं कर."

"सहा तरी नक्की."

"आणखी."

"तीन हात. देवाशपथ."

"शालिक, मी तिथूनच येऊन राह्यली. बैलाचा कासरा पडला हाये तो. जा, घेऊन ये, बाबा शोधून राह्यले."

मी गेलो, कासरा आणला, आणि त्या दोराला हात लावताना खरंच भ्यालो. थाप मारणाऱ्याची हीच गत असते. जग विश्वास ठेवो न ठेवो, त्याचा स्वतःचा आधी बसतो. हे पुढं मला फार महागात पडलं. तुला जास्त.

बाबांनी तुला गावातच दिली. लोकांच्या बहिणी लांजीला, कटंगीला, किरनापूरला गेल्या, तू गेलीस आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबा म्हणायचे, पोरगी दूर दिली तर रोवणीला पुढं कोण चालेल? पुढं चालणारी बाई जशी चालते, तशी मागची सगळी ओळ चालते. तू वाकडी गेलीस तर शेत वाकडं. तू कधी गेली नाहीस. भाऊजींचं घर पाहताना बाबांनी म्हणे घर पाहिलंच नाही, फक्त ओसरीसारखी पुढची छपरी पाहिली. पश्चिमेकडं तोंड केलेली, समोर आंगण, आंगणाला कुंपण, आणि कुंपणापासून थेट कालव्यापर्यंत आपल्या सात बांध्या. बाबा छपरीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "इथं पोरीले गरम होणार नाही." सोयरीक झाली. ही थाप नाही, विचार भाऊजींना. म्हणजे, मीच विचारीन.

आणि खरंच होत नव्हतं गरम. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान उभं असायचं, बांधीत घोट्याएवढं पाणी, आणि सगळं बालाघाट भाजून निघत असताना तुझ्या छपरीत वारा यायचा तो पाण्यावरून, धानावरून, न्हाऊन आल्यासारखा. त्याला वासही होता. ओल्या चिखलाचा आणि पोटरीतल्या धानाचा. तू धान निवडत बसायचीस. भाऊजी घोरायचे. मी येऊन तुझ्या पाण्याच्या मडक्याजवळ आडवा व्हायचो आणि जगाला शहाणपण शिकवायचो.

तूच एकदा सांगितलं होतंस, हे असं का होतं ते. शाळेत तू चौथीच्या पुढं गेली नाहीस, पण आजवर कुठल्या मास्तरानं मला एवढं सरळ सांगितलं नाही. म्हणालीस, "ऊन दिवसभर बांधीतलं पाणी पेत बसते. पोट भरलं की ते आपल्या घराकडं कायले येईन?"

मी तेव्हा हसलो. पुढं हेच वाक्य मी गावभर स्वतःचं म्हणून सांगितलं. तेवढी चोरी तू माफ करशील. पुढची सांगतो.

बांध्या विकायचं ठरलं तेव्हा मला कसलीही अडचण नव्हती, हे तुला ठाऊक आहे. गुडघे दुखत होते, पोरं नोकरीला लागली होती, आणि एक प्लॉटवाला गोडबोल्या रोज येऊन मला "भैया, आप तो राजा आदमी हो" म्हणायचा. बस. राजा व्हायला मला एवढंच लागतं. बाबांच्या जमिनीत तुझं नाव होतं, म्हणून तुझी सही हवी होती. तुला मोटरसायकलवर मागं बसवून बालाघाटला नेलं. मध्य प्रदेशच्या त्या कचेरीतल्या बाबूनं कागद पुढं केला आणि विचारलं, "अम्मा, अपनी मर्ज़ी से कर रही हो ना?"

तू त्याच्याकडं पाहिलं नाहीस. माझ्याकडं पाहिलंस. म्हणालीस, "भाई है."

त्यानं ते "हो" समजून घेतलं. मीही. तू हक्क सोडलास. परत येताना गावाजवळ आल्यावर माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणालीस, "सातवी ठेव. कुंपणाजवळची." मी म्हणालो, "हौ बाई, सातवी तुझी." आणि खरंच ठेवली. तेव्हा तरी ठेवली.

आता जे लिहितो ते तुला अर्धं ठाऊक होतं.

प्लॉट विकले जात नव्हते. गिऱ्हाईक यायचं, उघडं रान पाहायचं आणि जायचं. गोडबोल्या रडकुंडीला आला. तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी म्हणालो, गिऱ्हाईक दुपारी दोनला आण, आणि आधी माझ्या बहिणीच्या छपरीत बसव.

एप्रिल होता. पहिल्या तीन बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, बाकीच्या चारांत अजून धान उभं होतं. घाम पुसत आलेली माणसं तुझ्या छपरीत बसायची, वारा लागायचा, आणि त्यांचे डोळे मिटायचे. तू ताक द्यायचीस. मी सुरू व्हायचो. या हवेत मे महिन्यात गोधडी लागते. लांजीचा एक पाहुणा इथं उघड्यावर झोपला, सकाळी त्याची कवळी सापडली दुसऱ्या बांधीत, दात वाजून वाजून तिथवर गेली होती. ते हसायचे आणि उठून प्लॉट पाहायला जायचे. गोडबोल्यानं रस्त्यावर फलक लावला, "यहाँ कूलर की छुट्टी". ते शब्द माझे होते बाई. मी त्या फलकाखाली उभा राहून फोटो काढून घेतला होता.

तू विचारलंस, "हे कोन पाहुणे येऊन राह्यले रे रोज?"

"माझे दोस्त."

"तुले एवढे दोस्त?"

"आणखी येणार आहेत."

"येऊ दे. ताक घुसळतो मी."

महिनाभर तू ताक घुसळलंस. मग एक दिवस एक बाई आली, चांगल्या घरची, तुझा हात हातात घेऊन म्हणाली, "माताजी, आपकी हवा बहुत अच्छी है। हम भी यहीं सामने घर बना रहे हैं।" तू तिला ताक दिलंस, ती गेल्यावर पेला विसळलास, आणि मला म्हणालीस, "शालिक, ते बांधीतच घर बांधन, मंग हवा कुठून येईन?"

मी म्हणालो, "हवा काय, कुठूनही येते."

"आजवर तू एवढ्या थापा मारल्या, कोनाचं काही बिघडलं नाही," तू म्हणालीस. "ही एक खरी गोष्ट सांगितली, अन् आता तेच खोटी करून राह्यला."

त्या दिवशी तू "अर्धं कर" म्हणाली नाहीस. मी लक्षात घेतलं नाही.

सहाही बांध्या गेल्या. मुरूम पडला, सिमेंटचे रस्ते झाले, भिंती उभ्या राहिल्या, भिंतींवर भिंती. बेडूक आधी गेले. मग तुझ्या विहिरीचं पाणी खाली गेलं, कारण बांधीत तुंबलेलं पाणी मुरायचं ते थांबलं. आणि फलक उतरवून ठेवावा लागला, कारण ज्या घरांना कूलर लागणार नव्हता त्या प्रत्येक घराला कूलर लागला, मग एसी लागला, आणि त्यांची गरम हवा फेकणारी तोंडं सगळी तुझ्या छपरीकडं. पंकज, तुझा मुलगा, मला म्हणाला, "मामा, पहले हवा आती थी, अब भाप आती है।" मी त्याला वाफेवरून एक किस्सा सांगितला. तो उठून आत गेला.

तू मात्र भांडत राहिलीस. मी म्हणायचो, "बाई, गरमी साऱ्या जगात वाढली. ते टीव्हीवर सांगून राह्यले."

"जगाची गरमी जगाले. माह्या छपरीत जास्तीची कुठून आली ते सांग."

आणि पुरावा दाखवायचीस. देवळीतली खोबरेल तेलाची बाटली. आधी दिवाळी उलटली की ती गोठायची ती थेट शिवरात्रीपर्यंत. सकाळी केसांना लावायचं तर चुलीजवळ ठेवावी लागायची. आता हिवाळाभर तेल पाण्यासारखं हलतं. तू बाटली माझ्या नाकासमोर हलवून दाखवायचीस. "जगाले विचारू नको. इले विचार." मी म्हणायचो, कंपनीवाले तेलात भेसळ करतात. बाई, मी तेलावरसुद्धा आळ घेतला.

"भिंती दिवसभर ऊन गिळतेत अन् सांजेले ओकतेत," तू म्हणायचीस, "बांधी असं कधी करत नव्हती." मी ऐकत होतो आणि मनात पुढची थाप जुळवत होतो. तुझं बोलणं मी नेहमी असंच ऐकलं. तू मात्र माझी प्रत्येक थाप शेवटपर्यंत ऐकलीस, मगच कापलीस. आईच्या आजारपणात तू मला पाठीला बांधून रोवणीला न्यायचीस आणि रडू नये म्हणून सांगायचीस, की रोप कान देऊन ऐकतं, त्याला काहीतरी सांग. तिथूनच मी बोलायला लागलो. माझ्या तोंडाला ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली, त्यांना कुणी सांगावं की हे तोंड बाईनं उघडलंय. आभार मानायचे राहिले. भांडणात कुठं जमतं ते.

आता यंदाच्या एप्रिलातल्या त्या संध्याकाळचं. हे टाळत टाळत इथवर आलो.

तुझं अंग थकलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. छपरी तापायची, घरात त्याहून वाईट. पण दिवस कलला की तू काठी टेकत आंगणातून कुंपणापर्यंत जायचीस आणि सातवीकडं तोंड करून उभी राहायचीस. सातवीत माझं उन्हाळी धान होतं, पाणी होतं. मी विचारलं, तिथं काय करते? तू म्हणालीस, "इथं गार लागते."

तेव्हा गोडबोल्याशी सातवीचं बोलणं सुरू झालं होतं. तुला मी सांगितलं नव्हतं. पण तू मला ओळखून होतीस. पाठीवर बोट टेकवून मागितलेली गोष्ट मी विकायला काढली की माझ्या तोंडावर कसं दिसतं, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? तू म्हणालीस, "चप्पल काढ. डोळे मीट. छपरीपासून चालत ये, अन् जिथं गार लागन तिथं थांब."

मी हसत डोळे मिटले. तू माझं मनगट धरलंस. चाललो. पायाखाली आंगण तापलेलं होतं, अंगावर त्या भिंतींची धग होती, आणि मग कुंपणापाशी, एका पावलात, ती संपली. पावलाला आधी लागलं, मग पोटरीला, मग तोंडावर. तोच ओल्या चिखलाचा वास. बाबांनी पाणी पिताना अनुभवलेला तोच वारा, फक्त आता एका बांधीएवढा उरलेला.

तू विचारलंस, "लागते?"

मी डोळे उघडले नाहीत. हो म्हटलं असतं तर सातवी गेली असती हातातून, आणि सातवीच नाही, आधीच्या सहाही माझ्या अंगावर आल्या असत्या. मी म्हणालो, "काही नाही लागत बाई. सगळीकडं सारखंच हाये."

आयुष्यभर मी थापा मारल्या. खोटं एवढं एकदाच बोललो.

मला वाटलं तू भांडशील. "अर्धं कर" म्हणशील. तू माझं मनगट सोडलंस. थोडा वेळ सातवीकडं पाहिलंस. मग म्हणालीस, "मंग माह्याच अंगाले काही झालं असन. म्हातारपणी भास होतेत." आणि वळलीस. परत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास, कारण काठी कुंपणालाच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर तू छपरीतच, खाटेवर, गळ्याभोवती ओला पंचा. मी विचारलं, "आज कुंपणाकडं नाही गेली?"

"कायले जाऊ? तूच म्हनला ना, तिथं काही नाही."

साऱ्या गावानं माझ्या एका शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही. तू स्वतः तर कधीच नाही. आणि नेमका तो ठेवलास. स्वतःच्या अंगावरचा सोडून माझ्यावर ठेवलास. काहून वं बाई? एकदा तरी विचारायचं होतंस, खरं सांग म्हणून.

त्यानंतर तू कुंपणाकडं गेली नाहीस. तीन आठवडे. मे उजाडला, दुपारी लाइट जायची, कूलर थांबायचा, तू त्याच खाटेवर. मी येताना बर्फ आणायचो आणि वाटेत तो कसा वाघानं चाटला ते सांगायचो. तू हसायचीस, पण डोळे मिटूनच. आणि एका दुपारी भाऊजींनी पाणी प्यायला उठवलं, तर तू उठली नाहीस.

डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही. भाऊजींनी तो घडी घालून गीतेच्या पुस्तकात ठेवला आहे. तू गरमीनंच गेलीस असं मी म्हणणार नाही. वय होतं, आजार होता, आणि थापाड्यानं डॉक्टर होऊ नये. पण ते तीन आठवडे कागदावर कुठंच नाहीत, हे मला ठाऊक आहे.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी गोडबोल्या आला. "भैया, वो सातवाँ वाला..." मी म्हणालो, विकायची नाही. तो हसला. त्याला वाटलं, मी त्याला कवळीसारखा एखादा किस्सा सांगतोय. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. शेवटी मला ओरडावं लागलं, आणि ओरडताना रडू आलं, तेव्हा तो मोटरसायकलला किक मारून गेला. परत येईल. आला तर पुन्हा ओरडीन.

धान निघून सातवी भेगाळली होती. मी बोर चालू केली, कोपऱ्यात धानाची रोपं तयार करायला बी टाकलं, आणि सगळ्या बांधीत पाणी सोडलं. तीन दिवस सोडलं. गावानं वेड्यात काढलं. तुला खरं सांगतो, मला वाटलं होतं वारा परत छपरीत येईल. नाही आला. एका बांधीची तेवढी पोच नाही. कुंपणापर्यंत येतो, आणि तिथं कॉलनीच्या भिंतींची धग त्याला मारून टाकते. सात बांध्यांचं काम एकीला सांगणारा मी कोण.

काल संध्याकाळी भाऊजी आंगणात आले. तू गेल्यापासून ते कुणाशी बोलले नाहीत. अनवाणीच आले, कुंपणाला हात टेकून उभे राहिले. मी बांधावर होतो. मग इकडं न पाहता म्हणाले,

"शालिक, इथं गार लागून राह्यलं का रे? का मलेच वाटते?"

मी म्हणालो, "लागते भाऊजी. खरंच लागते."

"तुही बाई म्हणे मले, गार लागते. मी म्हटलं, शालिक तर नाही म्हणते."

"शालिक खोटं बोलला."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते वळले आणि छपरीकडं चालू लागले. मी मागं गेलो. छपरीत तुझी खाट उभी करून भिंतीला लावली होती. त्यांनी एका बाजूनं धरली, मी दुसऱ्या बाजूनं.

जड नव्हती, बाई. दोन म्हाताऱ्यांनी सहज उचलली. छपरीपासून कुंपणापर्यंत बावीस पावलं झाली.